पडद्यावरचा देखणा खुनी : टेड बंडीच्या भूमिकांची पार्श्वभूमी

जानेवारी २०१९चा शेवटचा आठवडा. १९७०च्या दशकात अमेरिकेत अनेक तरुणींचे खून करणाऱ्या टेड बंडीच्या मृत्युदंडाला २४ तारखेला तीस वर्षं झाली आणि त्याच दिवशी त्याच्या तुरुंगातल्या ध्वनिफितींवरची माहितीपट-मालिका एका स्ट्रीमिंग सेवेवर आली. दोन दिवसांनी सनडान्स महोत्सवात त्याच दिग्दर्शकाचा चित्रपट दाखवला गेला : 'एक्स्ट्रीमली विकेड, शॉकिंगली इव्हिल अँड व्हाइल'. त्यात बंडी झाला होता २००६च्या 'हायस्कूल म्युझिकल'पासून शाळकरी मुलींचा लाडका असलेला नट. नुसती झलक पाहूनच लोक चिडले. रॉक संगीत आणि हसरा नायक बघून हा खुन्याचा चित्रपट आहे की एखाद्या चलाख चोराच्या करामतींचा, असा प्रश्न पडावा. इकडे माहितीपट पाहून बंडी किती 'हॉट' होता याची चर्चा इतकी वाढली, की शेवटी त्या सेवेनेच ट्विट केलं : आमच्याकडे हजारो देखणे पुरुष आहेत, आणि त्यांतले जवळजवळ सगळे खुनाची शिक्षा न झालेले आहेत. विनोद बरा होता. पण ज्यांच्या मालिकेमुळे ही चर्चा पेटली त्यांनीच प्रेक्षकांचे कान उपटावेत, हे जरा जास्तच झालं.

बंडीचे गुन्हे बहुतेकांना माहीत असतात, ते इथे पुन्हा मांडत नाही. वाद नटाच्या निवडीचा आहे, आणि तो २०१९मध्ये जन्मलेला नाही.

सिनेमाने सुरुवात नेमकी उलटी केली होती. १९२७च्या 'द लॉजर' या मूकपटात लंडनमध्ये बायकांचे खून करणारा हाच का, असा संशय ज्या भाडेकरूवर येतो, ती भूमिका रंगभूमीवरच्या एका लाडक्या नटाकडे होती. असा नट खुनी निघाला तर प्रेक्षक सहन करणार नाहीत, म्हणून शेवटी तो निर्दोष ठरतो. ही अडचण दिग्दर्शकाने पुढे मुलाखतींमध्ये बोलून दाखवली. १९६०मध्ये त्याच दिग्दर्शकाने 'सायको' केला तेव्हा हिशेब बदलला होता. मूळ कादंबरीतला खुनी नॉर्मन बेट्स चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला आणि दारू पिणारा. पडद्यावर तो सडपातळ, लाजरा तरुण झाला. पण नॉर्मन काल्पनिक होता. खऱ्या खुन्याची भूमिका आली की सिनेमा अजून बिचकत असे. १९६८च्या 'द बॉस्टन स्ट्रँगलर'मध्ये एका नावाजलेल्या देखण्या नटाला घेतलं खरं, पण त्याला खोटं नाक लावलं आणि वजन वाढवायला लावलं. चेहरा विकत घ्यायचा आणि तोच झाकायचा.

बंडीच्या बाबतीत ही गरज कुणाला वाटली नाही, आणि त्याचं कारण सिनेमात नाही. ते फ्लोरिडाच्या न्यायालयीन नियमांत आहे.

फ्लोरिडाने १९७७मध्ये प्रयोग म्हणून न्यायालयात कॅमेरे येऊ दिले आणि १९७९मध्ये ती परवानगी कायम केली. (अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये ती मान्य केली.) बंडीचा मायामीतला खटला १९७९च्या उन्हाळ्यातला, म्हणजे नियम कायम होताच आलेला पहिला मोठा तमाशा. रोज संध्याकाळी देशभरच्या घरांत सूट-टाय घातलेला, स्वतःच साक्षीदारांची उलटतपासणी घेणारा, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा आरोपी दिसू लागला. प्रेक्षकांच्या बाकांवर तरुण मुली येऊन बसतात, ही वेगळी बातमी झाली. खटल्याआधीच, डिसेंबर १९७८मध्ये, एका मोठ्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीने त्याचं चित्र आदर्श अमेरिकी मुलगा म्हणून रंगवलं होतं. शिक्षा सुनावताना तर न्यायाधीशही त्याला म्हणाले की तू हुशार आहेस, चांगला वकील झाला असतास, माझ्यासमोर वकिली करताना तुला बघायला आवडलं असतं. मरण पावलेल्या मुलींबद्दल अशी हळहळ त्या खटल्यातून कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. २०१९च्या चित्रपटाच्या नावातले शब्दही याच निकालातले. मात्र ते न्यायाधीशांना त्या क्षणी सुचलेले नाहीत. फ्लोरिडातल्या १९७३च्या एका निकालाने क्रूर खुनाची जी व्याख्या ठरवून दिली होती, तिच्यातून ते आले.

या हुशारीचा हिशेब मांडला तर फार काही हाती लागत नाही. कायद्याचं शिक्षण त्याने दोन ठिकाणी सुरू केलं आणि एकाही ठिकाणी पूर्ण केलं नाही. वकिलांनी ७५ वर्षांच्या कैदेची तडजोड जुळवून आणली होती, ती त्याने ऐन वेळी मोडली आणि मृत्युदंड ओढवून घेतला. ज्या हास्याची वर्णनं छापून येत होती, त्याच दातांचा ठसा एका मृत मुलीच्या अंगावर सापडला आणि तोच खटल्यातला मुख्य पुरावा ठरला.

देखणेपणाचंही तसंच. मुली त्याच्या रूपाला भुलल्या, ही समजूत जवळजवळ प्रत्येक चित्रपट गृहीत धरतो. नोंदी वेगळंच सांगतात. १४ जुलै १९७४ला वॉशिंग्टन राज्यातल्या सॅमामिश तळ्यावर तो हात गळ्यात बांधून फिरत होता आणि शिडाची होडी गाडीवर चढवायला मदत मागत होता. अनेकींनी नकार दिला. ज्या दोघी त्या दिवशी नाहीशा झाल्या, त्यांच्यासमोर प्रश्न एका जखमी माणसाला मदत करण्याचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यूटातल्या एका मॉलमध्ये तो पोलीस अधिकारी बनला आणि तुमच्या गाडीची चोरी होत होती असं सांगून एका तरुणीला घेऊन गेला. ती निसटली, म्हणून हे कळलं. जानेवारी १९७८मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीत तो विद्यार्थिनींच्या वसतिगृहात शिरला तेव्हा मुली झोपेत होत्या. महिन्याभराने त्याने जिचा जीव घेतला ती बारा वर्षांची होती. यात मोहिनी कुठे बसवायची? त्याने वापरली ती समोरच्याची दया आणि वर्दीबद्दलचा विश्वास, आणि जिथे तेही नव्हतं तिथे सरळ अंधार.

पण टेलिव्हिजनने उचलला तो खटल्यातला चेहरा. मे १९८६मध्ये अमेरिकेत दोन रात्रींत दाखवलेला 'द डेलिबरेट स्ट्रेंजर' आला. नायक होता एका रुग्णालय-मालिकेतला देखणा डॉक्टर. त्याच वर्षाच्या जानेवारीत एका खपाच्या साप्ताहिकाने त्याला जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवून मुखपृष्ठावर छापलं होतं. बंडी तेव्हा जिवंत होता. मृत्युदंडाच्या तारखा लागत होत्या आणि पुढे ढकलल्या जात होत्या. पुढच्या प्रत्येक निर्मात्यापुढे नमुना राहिला तो हाच. २००२ आणि २००३मध्येही बंडी पडद्यावर आला, त्यांत नोंद घेण्यासारखं फार नाही.

२०१९च्या निर्णयाकडे परत येऊ, कारण त्याची बाजू सर्वांत नीट मांडली गेली. दिग्दर्शकाचं म्हणणं साधारण असं : खुनी ओळखू येतो हाच धोकादायक भ्रम आहे. चित्रपट बंडीच्या त्या काळच्या प्रेयसीच्या आठवणींवर आधारलेला, तेव्हा तिला जे दिसलं तेच प्रेक्षकाला दिसायला हवं. म्हणून खून दाखवायचे नाहीत, शेवटपर्यंत संशयाला जागा ठेवायची, आणि ज्या नटावर आधीपासून प्रेम आहे त्याच्याकडूनच प्रेक्षकाचा विश्वासघात करवायचा. आजच्या तरुण मुलींना बंडी माहीतच नाही, त्यांना सावध करायचं तर त्यांच्या ओळखीचा चेहरा हवा, हाही मुद्दा होता.

युक्तिवाद कच्चा नाही. हिंसा न दाखवण्याचा निर्णय तर मला धाडसाचा वाटतो; रक्त दाखवून गल्ला भरणारे चित्रपट या विषयावर कमी नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. बंडीने खून केले हे प्रेक्षागृहात शिरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे विश्वासघात होणार कुणाचा? आणि जिच्या नजरेतून बघायचं, तिने १९७४मध्येच पोलिसांना त्याचं नाव कळवलं होतं. म्हणजे तिची गोष्ट आंधळ्या प्रेमाची कमी आणि संशय गिळून जगण्याची जास्त. चित्रपट हे कबूल करतो, पण फार उशिरा. तोवर तुरुंगातून केलेली पलायनं आणि कोर्टातली टोलेबाजी यांत तो नटाच्या इतका मागे लागतो की प्रेयसी दारूच्या ग्लासाशेजारी बसून राहते. शेवटी बळींची नावं पडद्यावर येतात. दोन तास चेहरा एकाचा, आणि त्यांच्या वाट्याला अक्षरं. नट वाईट नाही. त्याने काम चोख केलंय, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

बायकांच्या बाबतीत नियम आजही १९६८चाच, म्हणजे चेहरा झाकण्याचा आहे. 'मॉन्स्टर'मध्ये (२००३) आयलीन वुर्नोस या खऱ्या खुनी बाईची भूमिका करताना हॉलिवूडमधल्या एका सौंदर्यवतीने वजन वाढवलं, खोटे दात लावले, त्वचा रापवून घेतली आणि ऑस्कर मिळवलं. कौतुक झालं ते रूप टाकून दिल्याचं. पुरुषाने मात्र केस विंचरून यायचं.

२०१९च्या वादाने काही थांबलं नाही. २०२१मध्ये बंडीवर दोन चित्रपट आले. एकात पुन्हा किशोरवयीनांच्या मालिकेतून पुढे आलेला नट होता. दुसरा बंडी आणि त्याच्याशी बोलणारा तपासयंत्रणेचा माणूस यांच्या भेटींपुरता मर्यादित राहिला आणि त्यामुळेच बरा झाला. २०२२मध्ये जेफ्री डामर या दुसऱ्या अमेरिकी खुन्यावरची मालिका गाजली तेव्हा काही बळींच्या नातेवाइकांनी आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, अशी तक्रार केली. त्या वर्षीच्या हॅलोवीनला एका ऑनलाइन बाजाराला डामरच्या वेशाची विक्री बंद करावी लागली. मालिकेतल्या नटाला पुढच्या जानेवारीत मोठा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचा जवळचा दाखला पर्यटकांना लुटून मारणाऱ्या चार्ल्स शोभराजचा. तोही १९८६चाच : मार्चमध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून पळाला आणि ६ एप्रिलला गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंडे यांच्या हाती लागला. याच अधिकाऱ्याने त्याला १९७१मध्येही पकडलं होतं. शोभराजचीही ख्याती मोहिनी घालण्याची, पण पर्यटकांवर त्याचा मुख्य प्रयोग औषधांचा : आधी आजारी पाडायचं, मग शुश्रूषा करायची. हिंदीत २०१५च्या 'मैं और चार्ल्स'ने टोपी, गॉगल आणि फ्रेंच हेल काढून बोलणं यांवरच भर दिला. त्या हॉटेलात शोभराजचा पुतळासुद्धा बसवला गेला, तेव्हा एकट्या सिनेमावाल्यांना काय बोलायचं! उलट मुंबईच्या झोपड्यांत आणि पदपथांवर गरिबांचे खून करणाऱ्या, १९६८मध्ये पकडलेल्या रामन राघववर १९९१मध्ये लघुपट झाला तेव्हा देखण्या नटाचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. मारणारा गरीब, मरणारेही गरीब. तिथे मोहिनीची कथा कुणाला हवी असते?

सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या 'इन्स्पेक्टर झेंडे'त मराठी दिग्दर्शकाने शोभराजचं नाव बदलून कार्ल भोजराज केलं, त्याला विनोदी पाठलागातलं सावज बनवलं आणि मध्यभागी आणला तो मुंबईचा पोलीस, त्याची बायको आणि प्रवासखर्चाच्या पैशांची ओढाताण.