इंटर्नल ऑडिटर की लीड ऑडिटर? आयएसओ १४००१ च्या दोन कोर्सांत नेमका फरक काय

चाकण, तळोजा, बुटीबोरी, एमआयडीसी कुठलीही घ्या. केमिस्ट्रीत बीएस्सी किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स करून ईएचएस (पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा) विभागात लागलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत एकच प्रश्न विचारतात, ‘लीड ऑडिटर करून टाकू का?’ दहावीनंतर बारावी, तसं इंटर्नल ऑडिटरनंतर लीड ऑडिटर, असा सगळ्यांचा समज असतो. कोर्स विकणाऱ्यांनाही तो सोयीचा आहे, त्यामुळे तो कुणी खोडून काढत नाही. पण ही एकाच जिन्याची दोन पायठणं नाहीत. कामंच दोन आहेत, आणि ती परस्परविरुद्ध दिशांनी कारखान्याकडे बघतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापन पद्धतीचं मानक १९९६ साली आलं, पुढे २००४ आणि २०१५ मध्ये सुधारलं गेलं. ते काढणारी आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, कारखान्याला नाही आणि माणसालाही नाही. कारखान्याला प्रमाणपत्र देतात त्या प्रमाणन संस्था. त्यांना मान्यता देणारं आपल्याकडचं मंडळ म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालचं एनएबीसीबी. या प्रमाणन संस्थेच्या वतीने जो बाहेरून येतो, टीमचं नेतृत्व करतो आणि प्रमाणपत्राची शिफारस करतो, तो लीड ऑडिटर. आणि कलम ९.२ प्रमाणे कंपनीने आपलं आपण जे ऑडिट करायचं असतं, ते करणारा इंटर्नल ऑडिटर.

इंटर्नलचा कोर्स साधारण दोन दिवसांचा, कधी तीन. मानकाची कलमं, चेकलिस्ट, पुरावा कसा गोळा करायचा, एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाशी न जुळणारी बाब) कशी लिहायची, एवढं त्यात होतं. कंपनीतच घेतला तर शेवटच्या दिवशी ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) किंवा स्क्रॅप यार्डात एक खरंखुरं ऑडिटही करून घेतात, आणि माझ्या मते सगळ्या कोर्सचा अर्क तोच असतो. लीडचा कोर्स पाच दिवसांचा, चाळीस तासांचा. सीक्यूआय-आयआरसीए किंवा एक्झेम्प्लर ग्लोबलसारख्या संस्थांची मान्यता त्याला असते. दिवसभर केस स्टडी आणि रोल प्ले असतात, प्रशिक्षकाचं रोजचं मूल्यमापन चालू असतं आणि वर लेखी परीक्षा. मानक आधीपासून माहीत आहे असं धरूनच तो शिकवला जातो, त्यामुळे कोरे गेलात तर तिसऱ्या दिवशी दमछाक ठरलेली.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे फरक कळेल. डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) मागे वापरलेल्या तेलाचा एक ड्रम उघड्यावर पडलाय. लेबल नाही, खाली ट्रे नाही. बाहेरचा ऑडिटर तिथून कागदांच्या मागावर निघतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल ५.१ या प्रवर्गात येतं. तुमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात, ते नोंदलंय का? किती प्रमाणात? मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा बाहेर पाठवल्याचा वाहतुकीचा कागद, दाखवा. ९० दिवसांची साठवणुकीची मर्यादा पाळल्याचं कशावरून? वार्षिक विवरणातला आकडा स्टोअरच्या रजिस्टरशी जुळतो का? दीड-दोन दिवसांत सगळा कारखाना बघायचा असल्यामुळे त्याला नमुना घेऊन चालावं लागतं. तो एनसी लिहितो, मेजर की मायनर ते ठरवतो आणि पुढे सरकतो. त्याने उपाय सांगायचा नसतो. प्रमाणन संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२१-१ या मानकात तसं स्पष्टच आहे: सुधारणेची संधी दाखवता येते, ठरावीक तोडगा सुचवता येत नाही. ज्या माणसाने तुमच्याकडे सल्लागाराचं काम केलं, त्याला दोन वर्षं तरी तुमच्या ऑडिटला पाठवत नाहीत, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

आता तोच ड्रम घरच्या ऑडिटरला दिसला, आणि तो मेंटेनन्समधला असला, तर त्याला गोष्ट वेगळीच कळते. डीजीची सर्व्हिसिंग रविवारी होते, कारण त्या दिवशी लाइन बंद असते. ती ठेकेदाराची माणसं करतात. हॅझार्डस वेस्ट शेडची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपरला रविवारी सुट्टी. म्हणजे ड्रम दर वेळी बाहेरच राहणार, तुम्ही कितीही लेबलं छापा. हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, पण इंटर्नल ऑडिटचं खरं मोल इथंच आहे. शिवाय त्याच्यावर तोंड बंद ठेवायचं बंधन नाही. किल्ली रविवारी सिक्युरिटीकडे ठेवा, असं तो तिथल्या तिथे सांगू शकतो.

याच कारणाने, कारखान्याने एका ईएचएस अधिकाऱ्याला खर्च करून लीड ऑडिटर करायचं आणि सगळी इंटर्नल ऑडिटं त्याच्याच गळ्यात घालायची, ही पद्धत मला पटत नाही. ती सर्रास चालते. पण ॲस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर (कारखान्याच्या कुठल्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो याची नोंद) ज्याने लिहिलं, कायदेशीर बाबींची यादी ज्याने केली, त्यानेच ते तपासायचं? मानकाला वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपातीपणा हवा आहे. त्यापेक्षा स्टोअर, मेंटेनन्स, प्रॉडक्शन, परचेस अशा विभागांतल्या चार-पाच जणांना दोन दिवसांचा इंटर्नल कोर्स द्या आणि एकमेकांचे विभाग तपासायला लावा. परचेसचा माणूस ईटीपी बघायला गेला की अडाणी वाटतील असे प्रश्न विचारतो, आणि बरेचदा त्याच प्रश्नांना ऑपरेटरकडे उत्तर नसतं.

बरं, इंटर्नल ऑडिटरकडे अमुक प्रमाणपत्र हवंच असं मानकात कुठेही नाही. कलम ७.२ माणूस सक्षम असावा एवढंच म्हणतं. शिक्षणाने, प्रशिक्षणाने किंवा अनुभवाने. प्रमाणपत्र हा त्याचा सोपा पुरावा, एवढंच.

लीडच्या बाजूचा गैरसमज याच्या उलटा आहे. पाच दिवस बसलात, परीक्षा पास झालात, तरी तुम्ही लीड ऑडिटर होत नाही. तुम्ही लीड ऑडिटरचा कोर्स उत्तीर्ण होता. ऑडिटर म्हणून नोंदणी हवी असेल तर कामाचा अनुभव आणि प्रत्यक्ष केलेल्या ऑडिटांचा लॉग लागतो. प्रमाणन संस्थाही आधी टीममध्ये घेते, कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करवते, आणि मग टीम हाती देते. बायोडेटावर ‘सर्टिफाइड लीड ऑडिटर’ लिहिणाऱ्याला ‘किती ऑडिटं लीड केलीत?’ एवढं विचारलं की बहुतेकदा शांतता पसरते.

मग लीडचा कोर्स कुणी करावा? प्रमाणन संस्थेत जायचंय, कन्सल्टन्सी करायचीय किंवा पुरवठादारांची ऑडिटं, म्हणजे सेकंड पार्टी ऑडिटं, करायची आहेत, त्यांनी जरूर करावा. मोठ्या कंपनीत अनेक प्लांटचा ऑडिट कार्यक्रम आखणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. नोकरीच्या जाहिरातीत तो मागतात हेही खरं, तेव्हा पगारासाठी केला तरी मी नावं ठेवणार नाही. फक्त आधी दोन-तीन इंटर्नल ऑडिटं करून मग जा. पैसे भरण्याआधी कोर्स कुणी मान्य केलाय, मान्यतेचा क्रमांक त्या संस्थेच्या यादीत सापडतो का आणि परीक्षा कोण घेतं, हे विचारून घ्या. नुसत्या हजेरीवर मिळणारा आणि परीक्षा देऊन मिळणारा, दोन्ही कागद लांबून सारखेच दिसतात.

या दोन्ही कोर्सांचा कायद्यातल्या ऑडिटशी मात्र घोळ घालू नका. दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाणारं फॉर्म ५ चं पर्यावरण विवरण वेगळं. केंद्राने २०२५ मध्ये पर्यावरण ऑडिटचे स्वतंत्र नियम काढले. त्यातले नोंदणीकृत ऑडिटर वेगळे, आणि त्यांची पात्रता व नोंदणी त्या नियमांनुसारच ठरते. आयएसओचं लीड ऑडिटर प्रमाणपत्र दाखवून तिथे प्रवेश मिळत नाही.