उभं राहणं कसं मोजतात? स्नायू आणि तोल तपासणीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार,

तपासणीची वेळ घेतलेल्या, किंवा घ्यावी की नाही या विचारात असलेल्या प्रत्येकासाठी हे माहितीपत्रक आहे. येण्याआधी एकदा निवांत वाचा, म्हणजे आमच्याकडचा तुमचा वेळ चांगला कारणी लागेल.

पहिला प्रश्न बहुतेक सगळे एकच विचारतात: "मला काहीच होत नाही, मग मोजायचं कशाला?" याचं उत्तर मी माझ्या घरातल्या प्रसंगानेच देते. सहा वर्षांपूर्वी माझी आई मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण नंतर ती भिंतीला धरून चालायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "पडण्याआधी यांचा तोल कसा होता?" आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. "चांगला होता" यापलीकडे कुणालाच काही सांगता येईना. तिचं वजन, साखर, रक्तदाब यांचे वीस वर्षांचे कागद फाइलमध्ये लावलेले होते. तोलाचा एकही नव्हता. धडधाकट असतानाचा तुमचा स्वतःचा आकडा हातात असावा, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर ताडून बघता येईल, यासाठी हे केंद्र आहे.

स्थिर उभं राहणं म्हणजे काय

आधी घरी एक गोष्ट करून बघा. चपला काढा, भिंतीजवळ उभे राहा, पावलं जुळवा आणि डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी तुमच्या घोट्याच्या पुढच्या बाजूकडे बघायला सांगा. नडगीकडून पावलावर उतरणारी दोरीसारखी कंडरा उठताना आणि बसताना दिसेल. पायाची बोटं मधूनच जमीन पकडतील. तुम्हाला वाटत असतं आपण खांबासारखे उभे आहोत, पण खाली पावलांत मात्र सतत धावपळ चालू असते.

त्याचं कारण साधं आहे. आपल्या वजनाची रेषा घोट्याच्या सांध्यावर पडत नाही, थोडी पुढे पडते. म्हणजे माणूस उभा असताना सदोदित पुढे कलंडतच असतो आणि पोटरी त्याला मागे ओढून धरते. पोटरीत खोलवर सोलियस नावाचा स्नायू आहे, यातलं बरंचसं काम तो करतो. तळहातावर छत्री उभी तोलून धरायची असेल तर हात एका जागी ठेवून चालत नाही. छत्री जिकडे झुकेल तिकडे तो थोडा पुढे न्यावा लागतो. पावलांखालचा दाबही असाच शरीराच्या झुकण्यामागे धावत असतो. या धावण्याचा आम्ही नकाशा काढतो.

झुकल्याची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि पाय व सांध्यांमधली जाणीव. मोरिट्झ रॉम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं होतं की पायांची जाणीव गेलेला रुग्ण डोळे उघडे असताना उभा राहतो, आणि डोळे मिटले की कोसळायला लागतो. आजही डॉक्टर पावलं जुळवून डोळे मिटायला सांगतात, ती त्यांच्याच नावाची चाचणी. 1986 साली अमेरिकेत शमवे-कुक आणि होराक या दोघींनी तिच्यात स्पंजाची भर घातली. जाड स्पंजावर उभं राहिलं की घोट्याकडून येणारी खबर गोंधळते. त्यात डोळेही मिटले, तर मुख्य भिस्त कानावर येते. आम्ही चारही प्रकार करून घेतो: कडक जमीन आणि स्पंज, दोन्हींवर डोळे उघडे आणि मिटलेले. शेवटच्या प्रकारात तरुण, खेळाडू माणसंही चांगलीच डुलतात. त्याने घाबरून जाऊ नका. आमचा माणूस हाताच्या अंतरावर तुमच्या मागेच उभा असतो.

पायाला चिकटवतो ते काय असतं

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यात विजेचे बारीक स्पंद उठतात. माणसाच्या स्नायूंतली ही वीज एमिल द्यू बॉइस-रेमंड यांनी बर्लिनमध्ये 1849 च्या सुमारास मोजून दाखवली. कातडीवर ती पोचते तेव्हा फारच क्षीण झालेली असते, काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत. हे टिपण्याच्या पद्धतीला ईएमजी म्हणतात.

इथे बरेच जण बिचकतात, म्हणून स्पष्टच सांगते. आमच्याकडे सुई नाही. सुईची ईएमजी ही वेगळी तपासणी आहे, ती आजाराच्या निदानासाठी डॉक्टर करतात. आम्ही चिकटवतो ती नाण्याएवढी चकती. ती शरीरात वीज सोडत नाही, फक्त ऐकते. तरीही पेसमेकर असेल तर नाव नोंदवतानाच सांगा.

चकती लावण्यातच आमचं निम्मं कसब लागतं. आधी चवड्यावर उभं राहायला सांगतो, म्हणजे पोटरीचा फुगवटा कुठे येतो ते दिसतं आणि बोटांनी चाचपता येतं. तिथे पेनने खूण करतो. केस असतील तर नव्या वस्तऱ्याने तेवढीच जागा साफ करतो आणि स्पिरिटच्या कापसाने थोडं जोर लावून पुसतो. मग दोन चकत्या स्नायूच्या धाग्यांच्या दिशेत, मध्यापासून मध्यापर्यंत 20 मिलिमीटर अंतर ठेवून लावतो. जागा बोटभर सरकली तरी शेजारच्या स्नायूचा आवाज मिसळतो. त्यामुळे या दहा-बारा मिनिटांत आम्ही फारसं बोलत नाही, राग मानू नका. साधारणपणे पोटरीचे दोन स्नायू, नडगीचा एक आणि कमरेच्या बाजूचा एक, असे दोन्ही पायांचे मिळून आठ स्नायू बघतो.

मुंबईच्या हवेत या कामाला दोन अडचणी येतात. पहिली घामाची. मे महिन्यात स्टेशनवरून चालत आलेल्या माणसाच्या पायावर चकती टिकत नाही. एसी फार थंड केला तर अंगावर शहारा येतो आणि तोही आलेखात उमटतो. म्हणून आल्यावर वीस मिनिटं बसवून ठेवतो, पाणी देतो, घाम पूर्ण वाळू देतो. दुसरी अडचण घरातल्या विजेची. तिची 50 हर्ट्झची गुणगुण नेमकी स्नायूंच्या आवाजाच्या पट्ट्यातच येते. तुमचा मोबाइल आणि चार्जर बाहेरच्या कपाटात ठेवायला सांगतो, त्यामागे हेच कारण आहे.

आधी पूर्ण जोर, मग नुसतं उभं राहणं

उभं करण्याआधी प्रत्येक स्नायू एकेक करून पूर्ण ताकदीने आवळायला लावतो. पाच सेकंद जोर, मग मिनिट-दीड मिनिट विश्रांती, असं तीन वेळा. हा भाग लोकांना बिनकामाचा वाटतो, पण याच्याशिवाय पुढचे आकडे वाचताच येत नाहीत. कातडीखालची चरबी जास्त असेल तर तीच ताकद कमी मायक्रोव्होल्टची दिसते. त्यामुळे नवरा-बायकोचे मायक्रोव्होल्ट शेजारी ठेवून "तुझे स्नायू माझ्यापेक्षा कमजोर" म्हणणं साफ चुकीचं ठरतं. आम्ही तुमच्या पूर्ण जोराला शंभर धरतो आणि उभं राहताना त्यातले किती टक्के खर्च होतात ते सांगतो. जोर लावताना कुचराई केलीत, तर पुढचे टक्के खोटेच मोठे दिसतील. म्हणून तिथे हातचं राखू नका.

मग फोर्स प्लेट. वजनकाट्यासारखी दिसणारी ही पाटी चारही कोपऱ्यांत दाब मोजते आणि त्यावरून तुमच्या दाबाचा मध्यबिंदू सेकंदाला शंभर वेळा टिपते. ती तळमजल्यावर थेट काँक्रीटवर बसवलेली आहे. रस्त्यावरून डंपर गेला तरी तिला कळतं, म्हणून तसं झालं की ती फेरी रद्द करून पुन्हा घेतो. पाटीवर कागद अंथरून तुमच्या पावलांची पेन्सिलीने आखणी करतो, म्हणजे प्रत्येक फेरीला पाय त्याच जागी येतात. समोर भिंतीवर काळा ठिपका आहे, त्याच्याकडे बघत तीस सेकंद उभं राहायचं. बोलायचं नाही, दात आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. प्रत्येक प्रकाराच्या तीन फेऱ्या होतात. निरोगी माणूस कडक जमिनीवर डोळे उघडे ठेवून उभा असला, तर हा बिंदू साधारण सेकंदाला एक सेंटीमीटरच्या आसपास वेगाने फिरत असतो.

हात उचलण्याची चाचणी

आमच्या सगळ्या तपासणीत मला हीच सर्वांत आवडते. समोरचा दिवा लागला की उजवा हात झटकन खांद्यापर्यंत उचलायचा, एवढंच. आलेखात मात्र खांद्याचा स्नायू जागा होण्याआधीच पायाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले दिसतात. हात पुढे गेला की शरीर पुढे ओढलं जाणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो पाया आधी घट्ट करतो. 1967 साली सोव्हिएत संशोधकांनी हे प्रथम नोंदवलं.

लोकलच्या गर्दीत हँडलकडे हात नेताना तुमच्या शरीरात रोज हेच घडतं. नेहमीच्या गाडीत ब्रेक कुठे लागतो, वळण कुठे येतं हे अंगवळणी पडलेलं असतं आणि पाय आधीच सावरून घेतात. अनेक वर्षं विरार फास्टने उभ्याने प्रवास केलेले एक काका आमच्याकडे आले होते. त्यांच्या आलेखात पाय खांद्याच्या इतके आधी उठत होते की मी ती फेरी तीनदा घेतली. तिन्ही वेळा तसंच आलं. प्रवासामुळेच तसं झालं असं एका माणसावरून म्हणता येत नाही, पण स्वतःचा आलेख बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी विसरलेले नाही.

अचानक धक्का बसला की गोष्ट वेगळी असते. तेव्हा आधी तयारी करायला वेळच मिळत नाही. घोट्याभोवतीचे सावरणारे स्नायू साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आपोआप उठतात आणि "सावरायला हवं" हा विचार मनात येतो तो त्यानंतर. धक्का देणारी फिरती पाटी आमच्याकडे नाही, म्हणून हा भाग आम्ही मोजत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

डुलण्याचा आकडा लहान म्हणजे तोल उत्तम, असा समज करून घेऊ नका. पडायची भीती वाटली की माणूस नडगी आणि पोटरी दोन्ही एकदम आवळून ताठ उभा राहतो. अशा वेळी डुलणं कमी दिसू शकतं, पण शक्ती जास्त खर्च होते आणि धक्का बसला तर ताठ पाय लवकर सावरत नाही. फोर्स प्लेट एकटी असती तर आम्हाला हे कळलं नसतं. ईएमजी सोबत असल्यामुळे कळतं, आणि दोन्ही एकाच वेळी मोजण्याचा आग्रह आम्ही त्यासाठीच धरतो.

एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही तर आयुष्य कमी, असा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. त्यामागे ब्राझीलमधला खरा अभ्यास आहे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 51 ते 75 वयाचे 1,702 लोक होते आणि पाचातल्या साधारण एकाला दहा सेकंद जमले नाहीत. न जमलेल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पण न जमणाऱ्यांची तब्येत मुळातच नाजूक होती, तोल गेल्यामुळे मृत्यू आला असं तो अभ्यास म्हणत नाही. आम्हीही एका पायावर उभं करतो, पण आयुष्याचं भाकीत आमच्या रिपोर्टात नसतं. आजाराचं निदानही नसतं. काही वेगळं दिसलं तर ते स्पष्ट लिहून डॉक्टरांकडे जायला सांगतो.

येताना

पायाला तेल, क्रीम किंवा पावडर लावू नका. हाफ पँट आणा, बायकांसाठी कपडे बदलायला वेगळी खोली आहे आणि चकत्या लावायला बाईच असते. आदल्या दोन दिवसांत जिममध्ये पायांचा जोरदार व्यायाम किंवा गडाची चढाई नको, आणि आदल्या दिवसापासून दारू नको. रात्रपाळी करून थेट येऊ नका, थकलेल्या शरीराचा आकडा पुढे ताडून बघायला निरुपयोगी ठरतो. चष्मा असेल तर आणा. चिकटपट्टीची ॲलर्जी, गरोदरपण, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं आधी सांगा.

घोटा नुकताच मुरगळला असेल, चक्कर येत असेल, पायांना मुंग्या येत असतील किंवा ते बधिर वाटत असतील, तर आमच्याकडे येण्याआधी डॉक्टरांना भेटा. आम्ही फक्त 18 वर्षांवरील निरोगी व्यक्तींचीच मोजणी करतो.

पुढच्या वर्षी याल तेव्हा शक्यतो त्याच महिन्यात आणि दिवसाच्या त्याच वेळी या. तुमच्या पावलांच्या आखणीचा कागद आम्ही नाव-तारखेसह जपून ठेवतो. तोच पुन्हा पाटीवर अंथरू आणि तुम्हाला त्याच रेघांत उभं करू.