वेबसाइटवर कॉपीराइटची तक्रार: कोण करू शकतं, कागद कोणते लागतात आणि २१ दिवसांचा हिशेब

नवरात्राला तीनेक आठवडे उरले होते. बडोद्याच्या नवा बाजारातला चणिया-चोळीचा एक दुकानदार माझ्यासमोर फोन धरून बसला होता. दांडिया बाजारात बसून मी लोकांच्या वेबसाइट सांभाळतो, त्यात त्याचीही आहे. "भाऊ, ही नोटीस बघा. गूगलवरनं घेतलेला फोटो, त्यात एवढं काय?" मी फोटो मोठा करून पाहिला. कोरीव लाकडी दारापुढे उभी मुलगी, आणि उजव्या कोपऱ्यात मूळ दुकानाचं नाव होतं तिथे धुरकट डाग. नाव पुसलं होतं, पण 'स'ची वेलांटी तेवढी राहून गेली होती.

"कुणी केलं हे?"

"भाच्यानं. हुशार आहे."

गूगल फोटो दाखवतं, त्याचं मालक नसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो, मजकूर, चित्र, व्हिडिओ किंवा वेबसाइटचा कोड तयार झाला की हक्क आपोआप जन्मतो. त्याला नोंदणी लागत नाही आणि खाली वर्तुळातला 'सी' नसला तरी काही अडत नाही. त्यात त्या डागानं प्रकरण आणखी चिघळलं. हक्कदाराची ओळख सांगणारी माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

उलट 'सुती कापड, आठ मीटर घेर, भाव अमुक' या माहितीवर कुणाचाच हक्क नसतो. जुन्या कलेचंही तसंच. बडोद्यात कुणीही दुकानाच्या वेबसाइटवर राजा रविवर्म्यांची लक्ष्मी-सरस्वती लावतो, त्यात चित्रापुरती अडचण नाही. ते १९०६ साली गेले आणि हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजला जातो. पण एखाद्या पुस्तकातून किंवा संग्रहालयाच्या वेबसाइटवरून त्या चित्राचा फोटो उचलताना, तो फोटो काढणाऱ्याचा दावा आणि त्या संस्थेच्या अटी या दोन गोष्टी बघाव्याच लागतात.

फोटो तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा

तक्रार करणारा दोघांपैकी एक असावा लागतो: हक्काचा मालक, किंवा ज्याला एकट्यालाच वापराचा परवाना लेखी दिला आहे तो. माल विकणारा डीलर 'आमच्या कंपनीचा फोटो' म्हणून तक्रार करायला गेला तर ती टिकत नाही. कंपनीनं करावी, किंवा त्याला लेखी अधिकार द्यावा.

मालक कोण, इथे बहुतेकांची चूक होते. पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढवले आणि वेगळा करार नसला, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक फोटो काढवून घेणारा. पगारी नोकरानं नोकरीचं काम म्हणून केलेलं असेल तर मालक धनी. पण बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर, वेबसाइटचा कोड, बहुधा लोगोसुद्धा, लिहून घेतल्याशिवाय तुमचा होत नाही. पैसे चुकते केले म्हणून हक्क आला असं नाही. हस्तांतरण सहीनिशी लेखी हवं, त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पाच वर्षांनी वेबसाइट तुमची आणि 'आमच्याविषयी' हे पान दुसऱ्याचं, असं होऊ शकतं.

आणखी एक कोपरा. चोळीच्या फोटोवरचा हक्क वेगळा आणि चोळीच्या नक्षीवरचा वेगळा. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि यंत्रानं तिच्या ५० हून जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कुठे संपतो आणि डिझाइन कुठे सुरू होतं, यावर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला. वाद अतिथंड द्रव वायू वाहून नेणाऱ्या क्रायोजेनिक ट्रेलरच्या रेखाचित्रांचा होता आणि मूळ दावा आपल्या बडोद्याच्याच कमर्शियल कोर्टातला.

तक्रारीत काय लिहायचं

कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ ने, ज्या साइटवर प्रत आहे तिच्याकडे करायच्या तक्रारीचा साचा ठरवून दिला आहे. कोणतं काम, ते ओळखू येईल इतकं वर्णन. तुम्ही मालक किंवा परवानाधारक असल्याचा पुरावा. तिथली प्रत चोरीची का आहे, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट दिलेल्या वापरांत ती का बसत नाही. नेमका पत्ता, म्हणजे त्या पानाची पूर्ण लिंक. 'तुमच्या साइटवर आमचे फोटो आहेत' एवढं पुरत नाही. फोटो कुणी चढवला हे माहीत असेल तर त्याचा तपशील. आणि शेवटी हमी, जी पाहून लोक दचकतात: चढवणाऱ्यावर मी दावा लावीन आणि साइटला नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणून देईन.

सोबत फोटोची मूळ फाइल (छाटलेली नको, कॅमेऱ्यातून निघालेली), फोटोग्राफरचं बिल आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट लावा. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास संकेतांक) लिहावी लागते. समोरची साइट अमेरिकी होस्टिंगवर असेल तर तिथल्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचा त्यांचा स्वतःचा फॉर्म भरावा लागतो.

तक्रार तुमच्यावर आली तर

पहिला प्रश्न: तो फोटो चढवला कुणी? तुमच्या वेबसाइटवर बाहेरचे विक्रेते माल टाकतात किंवा गिऱ्हाइकं फोटो चढवतात, तर तुम्ही मध्यस्थ आहात. मग तक्रार पटली की ३६ तासांत त्या मजकुराची वाट बंद करायची, ती का बंद केली हे तिथे येणाऱ्याला दिसेल असं लिहायचं, आणि २१ दिवस थांबायचं. तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आला नाही तर मजकूर परत सुरू करता येतो, आणि त्याच माणसाच्या, त्याच कामाच्या, त्याच ठिकाणाबद्दलच्या पुढच्या नोटिशीला उत्तर द्यायची सक्ती राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर ठळक दिसायला हवा. अधिकारी म्हणजे कुणी मोठा माणूस असतो असं नाही. दुकानात ईमेल रोज उघडणारा असला म्हणजे झालं.

माझ्या दुकानदाराला हेच हवं होतं. "मग २१ दिवस आपल्यालाही मिळतात ना?" मिळत नाहीत. फोटो त्याच्या स्वतःच्या भाच्यानं चढवलेला, म्हणजे दुकानानंच चढवलेला. तिथे मध्यस्थाची ढाल चालत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. फोटो काढून टाकला म्हणून आधीची भरपाई माफ होत नाही, पण ठेवून भांडणं त्याहून महाग.

मात्र प्रत्येक नोटीस खरी असते असं समजू नका. मूळ फाइल आणि बिल मागा. तुम्ही फोटो विकत घेतला असेल तर परवान्याची पावती दाखवा, फक्त ती वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नसून तुमच्या नावावर आहे ना, हे आधी बघा. कुणी निराधार धमकी देत राहिला तर कलम ६० खाली तुम्हालाच कोर्टात जाऊन मनाई मागता येते. व्हॉट्सॲपवर वाद घालू नका, तोच पुढे पुरावा होतो.

नोंदणी करावी का?

सक्ती नाही, पण नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते. अर्ज फॉर्म चौदामध्ये, दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे, ऑनलाइन. मजकूर किंवा कलाकृतीला ५०० रुपये, कलाकृती मालावर वापरायची असेल तर २,००० रुपये आणि वर ट्रेडमार्क कार्यालयाचं प्रमाणपत्र. अर्जदार कर्ता नसेल तर कर्त्याचं ना-हरकत पत्र, फोटोत माणूस असेल तर त्याचंही. मॉडेलकडून हे पत्र शूटिंगच्याच दिवशी घ्या, नंतर फोन लागत नाहीत. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, त्यामुळे सणाच्या तोंडावर अर्ज करून उपयोग नाही.

दुकानदारानं फोटो त्याच संध्याकाळी काढला, समोरच्याला लेखी कळवलं आणि आठ दिवसांनी दुकानाच्या गच्चीवर स्वतःचे फोटो काढून घेतले. फोटोग्राफरच्या बिलावर मी हातानं एक ओळ वाढवली, 'सर्व फोटोंचे हक्क दुकानाकडे', आणि खाली त्याची सही घेतली.