वापरलेली सुई रस्त्यावर का पडते?

गटाराशेजारी किंवा रेल्वे ट्रॅकच्या कडेला वापरलेली सिरिंज दिसली की लोक सरळ गर्दुल्ल्यांना शिव्या घालतात, पण मागचा इतिहास बघितला तर ती सुई खिशात ठेवायची भीती आपणच त्यांना घातलीय.

स्कॉटलंडमधल्या एडिनबराचं बघा. १९८० नंतर तिथे हेरॉइन वाढलं, पोलिसांनी सुया जप्त करायचा धडाका लावला, दुकानात सिरिंज मिळेना, मग एकच सुई कितीतरी जणांत फिरायला लागली. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्याचे आकडे छापून आले, टेस्ट केलेल्या इंजेक्शनवाल्यांपैकी ५१ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह!

ॲमस्टरडॅममध्ये याच्या आधीच, १९८४ ला, नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने बी टाईप काविळीच्या भीतीने पुढाकार घेतला आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याबरोबर जुनी सुई द्या, नवी घ्या असं सुरू केलं. विल्हेवाटीची पद्धत खरं तर इथूनच आली, कारण जुनी परत आणायला माणसाला काहीतरी कारण मिळालं. अमेरिकेने मात्र १९८८ मध्ये अशा कामाला केंद्राचा पैसाच बंद केला.

आपल्याकडे सगळ्यात मोठा फटका मणिपूरला बसला. म्यानमारची बॉर्डर लागून, हेरॉइन स्वस्त, आणि १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत इंजेक्शन घेणाऱ्यांत एचआयव्ही जवळपास नव्हताच, तो सहा महिन्यांत निम्म्या लोकांत पोचला. चुराचांदपूरसारख्या ठिकाणी ९० च्या दशकातच संस्थांनी सुया वाटायला आणि गोळा करायला घेतल्या. नॅकोने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, हे देशभर मोठ्या प्रमाणावर नेलं ते २००७ नंतर.

आता सुया बदलून देणाऱ्या सेंटरवर काय करतात, तर परत आलेली सुई कोणी हातात घेत नाही, आणणारा स्वतःच ती भोक न पडणाऱ्या डब्यात टाकतो, टोपण परत लावायला जायचं नाही कारण तिथेच बोट टोचतं. पीअर वर्कर, म्हणजे याच लोकांमधून आलेले कार्यकर्ते, अड्ड्यांवर फिरून पडलेल्या सुया चिमट्याने उचलतात, मग हायपोक्लोराइट हे जंतुनाशक, आणि शेवटी बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीत. हे नाही झालं तर टोचते कोणाला, तर कचरा वेचणाऱ्या बाईला, आणि हिपॅटायटिस सी चा व्हायरस सिरिंजमध्ये कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो.

एक जुनी दिली तरच एक नवी, हा एकास एक नियम कडक ठेवावा असं काहींना वाटतं, मला ते पटत नाही. ज्याच्याकडे जुनी सुई नाही त्याला रिकाम्या हाताने पाठवलं तर तो दुसऱ्याची वापरणार, सरळ आहे. आणि जुनी सुई घेऊन सेंटरपर्यंत चालत येताना हवालदाराने अडवलं तर काय, ही भीती तर असतेच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, सुया वाटणं-वापरणं यासारख्या धोका कमी करायच्या कामाला संरक्षण दिलंय, म्हणजे त्यासाठी कोणावर केस करता येत नाही. हे प्रत्येक पोलीस चौकीत लिहून लावायला हवं.