किलाउएआ आणि सुंधनूकुर : परत परत फुटणारे दोन ज्वालामुखी, पण आतली गोष्ट वेगळी

गेली दोन-तीन वर्षं बातम्यांमध्ये "ज्वालामुखी पुन्हा फुटला" असं इतक्या वेळा आलंय की बरेच जण हवाई आणि आइसलँड एकाच खात्यात टाकून मोकळे होतात. तसं होणं साहजिक आहे म्हणा, कारण व्हिडिओ बघितला तर दोन्हीकडे तोच लालभडक लाव्हा, तीच कारंजी, दोन्हीकडे बेसाल्ट, दोन्हीकडे काही दिवस धुमाकूळ आणि मग शांतता आणि मग परत तेच. पण जमिनीखाली जे चाललंय ते बघायला लागलं की कळतं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक माहीत नसेल तर लाइव्ह कॅमेरा लावून बसूनही नेमकं काय बघायचं तेच कळत नाही.

आधी हवाईतला किलाउएआ घेऊ. आत्ताचा उद्रेक 23 डिसेंबर 2024 ला हालेमाउमाउ विवरात सुरू झाला, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच जो मोठा खड्डा आहे त्याच्या आत. तिथल्या तज्ज्ञांनी, म्हणजे हवाईयन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरीने, सगळा हिशोब एपिसोडमध्ये ठेवलाय. 2025 संपेपर्यंत 35 च्या वर एपिसोड झाले होते, पण उद्रेक मात्र एकच. एपिसोड म्हणजे कारंजं चालू असतं तो काळ. सुरुवातीचा एक एपिसोड आठवडाभर चालला होता, नंतरचे बहुतेक एका दिवसाच्या आत आटपले, पण उंची काय, 300 मीटरच्या वर कितीतरी वेळा. मग खंड, कधी एक-दोन दिवसांचा, कधी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त.

आता आइसलँड. रेक्यानेस द्वीपकल्पावर ग्रिंदाविक गावाच्या उत्तरेला सुंधनूकुर नावाची जुन्या विवरांची रांग आहे, तिथे 18 डिसेंबर 2023 ते ऑगस्ट 2025 या काळात नऊ वेळा जमीन फाटून लाव्हा आला. इथे नऊ एपिसोड म्हणत नाहीत, नऊ उद्रेक म्हणतात. त्याआधी शेजारच्या फाग्रादाल्सफ्यात्ल डोंगराला 2021, 2022 आणि 2023 मध्ये एकेक झालाच होता, तो धरला तर बारा.

मग एकाला पस्तीस वेळा होऊन एक म्हणायचं आणि दुसऱ्याला नऊ वेळा होऊन नऊ, हे कसं काय? बऱ्याच जणांना वाटतं की मध्ये किती दिवस गेले त्यावर ते ठरतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या ज्वालामुखी नोंदींमध्ये तशी पद्धत आहेच, साधारण तीन महिने काहीच झालं नाही तर उद्रेक संपला असं धरायचं. पण त्या मापाने बघायला गेलं तर सुंधनूकुरचे पहिले चार उद्रेक (18 डिसेंबर, 14 जानेवारी, 8 फेब्रुवारी, 16 मार्च) इतके जवळजवळ आहेत की ते सगळे एकातच जायला हवेत. माझ्या मते दिवस मोजण्यापेक्षा मॅग्मा (लाव्हाच, पण जमिनीखाली असतो तोवरचा) वर कुठल्या वाटेने येतोय ते बघावं, खरा फरक तिथे आहे. किलाउएआमध्ये दार एकदा उघडलं ते उघडंच राहिलंय, नुसतं लोटून घेतल्यासारखं होतं आणि परत उघडतं. सुंधनूकुरला दारच नाही, दर वेळी नवीन भिंत फोडून बाहेर यावं लागतं.

किलाउएआचं जरा जवळून बघा. माथ्याखाली एक-दोन किलोमीटरवर मॅग्माचा एक साठा आहे, त्याच्या खाली अजून एक मोठा आहे तीन ते पाच किलोमीटरवर, आणि वरच्या साठ्यापासून विवराच्या तळातल्या दोन तोंडांपर्यंत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं, नळी तयार आहे आणि तिच्यातला लाव्हा खंडाच्या काळातही पूर्ण गोठत नाही. म्हणून तर कारंजं बंद असतानाही रात्री कॅमेऱ्यात तोंडं लालसर चमकताना दिसतात. खालून भर चालू असते, जमीन फुगते, आणि ही फुगवण टिल्टमीटरवर दिसते. टिल्टमीटर जमिनीचा कल मोजतो मायक्रोरेडियनमध्ये, एक किलोमीटर लांब दांडीचं एक टोक एक मिलिमीटर उचललं तर जेवढा कल होईल तेवढा एक मायक्रोरेडियन. एका एपिसोडमध्ये हा कल दहा-वीस मायक्रोरेडियन खाली येतो आणि पुढच्या खंडात परत हळूहळू वर चढतो. हा ग्राफ एकदा वाचायला शिकलात ना की नाद लागतो, सावकाश चढ, मग धाडकन उतार, मग परत सावकाश चढ, महिनोन्‌महिने.

एपिसोडच्या आधीचे तास तर मला कारंज्यापेक्षाही जास्त आवडतात. तोंडात लाव्हाची पातळी वर येते, काठावरून थोडासा ओघळ बाहेर पडतो, मग आतला गॅस सुटतो आणि सगळा लाव्हा एकदम खाली ओढला जातो, पाच-दहा मिनिटं काही नाही, परत वर, परत ओघळ. याला गॅस पिस्टनिंग म्हणतात. गॅसचा फेस लाव्हाला वर ढकलतो आणि फेस फुटला की लाव्हा खाली बसतो. असं कितीतरी वेळा होतं, काही वेळा दिवसभर, आणि मग एका वेळी तो ओघळ थांबतच नाही, घुमट तयार होतो, आणि घुमटाचं कारंजं व्हायला मग फार वेळ लागत नाही. शेवट मात्र एकदम होतो, कारंजं थांबतं, भूकंपमापकावरची थरथर त्याच सुमाराला खाली येते आणि टिल्टची रेघ लगेच वळून परत वर जायला लागते.

सुंधनूकुरला यातलं फारसं काही दिसत नाही. तिथे मॅग्मा साठतो स्वार्तसेंगीच्या खाली, चार-पाच किलोमीटरवर, आणि वर काय आहे तर भूऔष्णिक वीज केंद्र आणि ब्लू लगून हे गरम पाण्याचं पर्यटनस्थळ. साठा भरतो तशी जमीन जीपीएसवर वर येताना दिसते, आठवड्यांमागून आठवडे. पण फुटतं ते तिथे नाही! साठा भरून दाब असह्य झाला की मॅग्मा आडवा पूर्वेकडे सुंधनूकुरच्या रांगेखाली घुसतो, उभी पातळ भेग करत, तिला डाइक म्हणतात. ती भेग जमिनीखालीच उत्तर-दक्षिण धावते आणि वाटेत जिथे जमेल तिथे वर फाटते. आणि उद्रेक संपला की डाइकमधला मॅग्मा गोठतो, वाट बंद. पुढच्या वेळी पहिल्यापासून सगळं परत.

याचा थेट परिणाम म्हणजे इशारा किती आधी मिळतो. किलाउएआचा पुढचा एपिसोड कधी याचा अंदाज काही दिवस आधीच देतात, टिल्ट किती परत आला आणि किती वेगाने आला त्यावरून, आणि बहुतेक वेळा तो बराच जवळ जातो. आइसलँडमध्ये हवामान विभाग (तिथे ज्वालामुखीही तेच बघतात) साठ्याचं घनफळ मोजून सांगतो की मागच्या वेळी जेवढा निघून गेला साधारण तेवढा परत भरलाय, म्हणजे आता कधीही. पण हे "कधीही" चार दिवसांत पण असू शकतं, चार आठवड्यांत पण. नेमका इशारा मिळतो तो फक्त डाइक निघाल्यावर, छोट्या भूकंपांचा मारा सुरू झाला आणि स्वार्तसेंगीच्या बोअरहोलमधला दाब बदलला की. 18 डिसेंबर 2023 ला रात्री नऊच्या सुमारास भूकंप सुरू झाले आणि 10 वाजून 17 मिनिटांनी जमीन फाटली, सुमारे चार किलोमीटर लांब. सव्वा तास! काही वेळा याच्यापेक्षाही कमी मिळालाय.

आणि भेग कुठे फाटेल तेही आधी कळत नाही. ग्रिंदाविकच्या संरक्षणासाठी मातीचे मोठे बांध घातलेत, तरी 14 जानेवारी 2024 ला एक भेग बांधाच्या आतल्या बाजूला, गावाच्या अगदी कडेला उघडली आणि तीन घरं जळाली. 8 फेब्रुवारीला लाव्हाने गरम पाण्याची मुख्य पाइपलाइन तोडली आणि भर हिवाळ्यात अख्ख्या द्वीपकल्पाची हीटिंग गेली. गाव जवळपास 3,800 वस्तीचं, ते 10 नोव्हेंबर 2023 च्या रात्रीच रिकामं केलं होतं, आणि त्या रात्री लाव्हाचा थेंबही बाहेर आला नव्हता! सुमारे 15 किलोमीटरची डाइक गावाखालून गेली, रस्ते फाटले, गावाचा काही भाग मीटरभर खाली खचला, पण उद्रेक नाही. कितीतरी जण आजही "तेव्हा काहीच झालं नाही" म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ग्रिंदाविकचं सगळ्यात मोठं नुकसान त्याच रात्री झालं. 1 एप्रिल 2025 ला पण तसंच काहीसं, डाइक वीसेक किलोमीटरपर्यंत गेली आणि वर मात्र काही तासांपुरता लाव्हा आला. म्हणून आइसलँड फॉलो करताना फक्त लाव्हा बघू नका, भूकंपांचा नकाशा बघा, ठिपके कुठल्या दिशेला सरकतायत ते.

हे असं का, तर दोन्ही जागांची घडणच वेगळी. हवाई पॅसिफिक प्लेटच्या ऐन मध्यावर आहे, कुठलीही सीमा जवळ नाही, खालून मँटलमधून (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून) गरम खडक वर येतोय आणि प्लेट त्याच्यावरून वायव्येला सरकतेय, म्हणून बेटांची ती लांबच लांब माळ. मॅग्माचा पुरवठा सतत चालू. रेक्यानेसवर मध्य-अटलांटिक पर्वतरांग समुद्रातून थेट जमिनीवर चढते, दोन प्लेट वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर लांब जातायत. 2021 च्या आधीचे शेवटचे उद्रेक 1240 च्या सुमाराचे, म्हणजे जवळपास 800 वर्षं या द्वीपकल्पावर लाव्हा नव्हता, पण ताण मात्र साठत होता, दोन सेंटीमीटर गुणिले 800 करा, 16 मीटर होतात. मॅग्मा जेव्हा डाइक करून घुसतो तेव्हा तो हाच साठलेला ताण वापरत असतो, जमीन फाटायला आधीच तयार असते. जसजसा ताण संपत जातो तसतसा पुढच्या वेळेसाठी जास्त मॅग्मा जमावा लागतो, आणि सुंधनूकुरला तेच दिसलं, उद्रेकांमधली अंतरं आठवड्यांवरून महिन्यांवर गेली.

धोकाही त्यामुळे वेगळा. किलाउएआचा आत्ताचा लाव्हा विवराच्या आतच राहतो, कुणाचं घर त्याच्या वाटेत नाही. त्रास होतो तो सल्फर डायऑक्साइडचा आणि कारंज्यातून उडालेल्या हलक्या खड्यांचा, काचेच्या केसांसारख्या धाग्यांचा (पेलेचे केस म्हणतात त्यांना, डोळ्यात-त्वचेत गेले की चांगलेच टोचतात). 6 डिसेंबर 2025 ला तर कारंजं असं काही तिरकं आलं की विवराच्या काठावरचा एक कॅमेरा लाइव्ह चालू असताना त्या माऱ्याखाली गाडला गेला.

पण इतकं सरळ विभागून टाकणंही बरोबर नाही. किलाउएआ स्वतः कधी कधी आइसलँडसारखा वागतो. 2018 मध्ये माथ्याखालचा मॅग्मा पूर्वेच्या खचदरीतून (माथ्यापासून लांब गेलेला भेगांचा पट्टा) चाळीसेक किलोमीटर लांब जाऊन लेलानी इस्टेट्स या वस्तीत फुटला, 700 च्या वर घरं गेली आणि मागे माथाच खचला. सप्टेंबर 2024 मध्येही, आत्ताच्या उद्रेकाच्या जेमतेम तीन महिने आधी, डाइक निघून नापाउ विवरापाशी काही दिवस लाव्हा आला होता. आणि उलट बाजूने, 2021 चा फाग्रादाल्सफ्यात्ल किलाउएआसारखा वागला, सहा महिने एकच उद्रेक, एक तोंड शिल्लक राहिलं आणि मे महिन्यात तर दर काही मिनिटांनी कारंजं येऊन थांबत होतं. म्हणजे "हवाई असं आणि आइसलँड तसं" एवढ्यावर थांबू नका, वाट उघडी आहे की नवीन पडतेय हे प्रत्येक वेळी नव्याने तपासायचं.

एक बारीकशी पण उपयोगी गोष्ट, किलाउएआवर एपिसोड थांबला तरी इशाऱ्याची पातळी लगेच नॉर्मलवर येत नाही, खंडातही ती सहसा वॉच (म्हणजे लक्ष ठेवा) आणि विमानांसाठी ऑरेंज अशीच ठेवलेली असते, त्यामुळे "अजून ऑरेंज आहे म्हणजे काहीतरी लपवतायत" वगैरे कमेंट मनावर घेऊ नका, उद्रेक संपलेला नाही एवढाच त्याचा अर्थ.

पुढे काय, तर दोघांचेही जुने दाखले आहेत. किलाउएआच्याच पुउ ओओ या तोंडाचा उद्रेक 1983 मध्ये असाच एकामागून एक कारंज्यांनी सुरू झाला, तीन वर्षांत चाळीसच्या वर झाली, आणि मग जुलै 1986 मध्ये नळीच फुटली, तोंड तीन किलोमीटर पुढे सरकलं, कारंजी बंद पडून लाव्हा संथ आणि सतत वाहायला लागला. हा उद्रेक 2018 पर्यंत चालला आणि मधल्या काळात 1990 ला कालापाना गाव त्याखाली गेलं. म्हणून किलाउएआवर मी एपिसोडच्या उंचीपेक्षा याच्याकडे जास्त लक्ष देतो की टिल्टचा ठरलेला चढ-उतार कधी बिघडतोय, किंवा भूकंप माथा सोडून खचदऱ्यांकडे कधी सरकतायत. आइसलँडला दाखला क्राफ्ला या तिथल्याच ज्वालामुखीचा, 1975 ते 1984, वीसेक वेळा मॅग्मा भेगेत घुसला आणि त्यातले नऊच उद्रेक झाले, बाकीचे जमिनीखालीच जिरले, आणि शेवटचा उद्रेक सगळ्यात मोठ्यांपैकी होता, तोही आधीची जवळजवळ तीन वर्षं लाव्हाचं नाव नसताना. त्यामुळे स्वार्तसेंगीची जमीन हळूहळू का होईना वर येतेय तोवर, महिनोन्‌महिने लाव्हा दिसला नाही तरी, ग्रिंदाविकच्या भूकंपांचा नकाशा उघडाच ठेवायचा.