बदकं-हंसांच्या शिकारीसाठी बंदूक घेताना: टेक्सासमधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

सप्टेंबरमधला टीलचा, म्हणजे लहान जातीच्या बदकांचा, हंगाम जवळ आला की दुकानात एकच प्रश्न रोज येतो, "बदकांसाठी सगळ्यात दमदार बंदूक कोणती?" जानेवारी उजाडला की त्यातलेच काही जण तीच बंदूक घेऊन परत येतात आणि म्हणतात, "लागतच नाही, बदलून द्या." दोघांनाही आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो: कागदावर मारून पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

बंदूक निवडणं तसं अवघड नाही. गावाकडे जिला बारा बोअर म्हणतात तीच इथली बारा गेज, आणि पहिल्या बंदुकीसाठी तीच घ्या. रेमिंग्टन 870 किंवा मॉसबर्ग 500 सारखी पंप बंदूक (हाताने पुढे-मागे सरकवून काडतूस भरायची) भातशेतातला चिखल, पाणी, धूळ सगळं सोसते आणि खिशालाही झेपते. सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकांत, बाराच्या गॅसवर चालणारीचा धक्का सौम्य लागतो, पण तिची साफसफाई जास्त करावी लागते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या दलदलीत जाणार असाल तर घरी आल्यावर त्याच रात्री बंदूक पुसून तेल लावा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर गंज धरलाच म्हणून समजा. डिकॉयवर, म्हणजे पाण्यावर ठेवलेल्या नकली बदकांवर, उतरणारी बदकंच मारायची असतील आणि अंगकाठी लहान असेल, तर वीस गेजही चांगली चालते.

आता साडेतीन इंची काडतुसाचा मोह. ते काडतूस घेणारी बंदूक ग्राहक हट्टाने मागतात आणि आम्ही बहुतेकांना तीन इंची सुचवतो. त्यावरून आमच्याबद्दल थोडी नाराजीही होते. पण तीन इंची काडतुसात साधारण सव्वा औंस स्टीलचे छर्रे येतात आणि बदकाला तेवढे पुरतात. मोठं काडतूस महाग असतं आणि खांद्यावर असं आदळतं, की पाच-सहा बार झाले की माणूस चाप ओढण्याआधीच दचकायला लागतो. दचकलेल्या हाताने काहीही लागत नाही. रोज हंसांमागे जाणाऱ्याला साडेतीन इंची आम्ही आनंदाने देऊ, पण पहिल्या हंगामाला नको.

वेळ आणि पैसा खरा वाया जातो तो इथे: भरपूर ताकदीचं काडतूस, त्यावर फुल चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी छर्रे आवळणारा अरुंद भाग; फुल सगळ्यात जास्त आवळतो), आणि थेट ईगल लेक गावाजवळच्या शेतात. आजोबांच्या बंदुकीची आठवण असते, "फुल चोक म्हणजे लांब मारा." त्या काळी छर्रे शिशाचे होते. अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाला देशभर बंदी आहे, कारण तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि शिसं अंगात भिनून मरतात. ती बदकं खाणाऱ्या गरुडांनाही विषबाधा होते. आम्हाला हा नियम मनापासून पटतो. पण स्टील शिशाहून हलकं आणि बरंच कठीण असतं. कठीण छर्रा नळीत चेपत नाही, त्यामुळे छर्र्यांचा पसारा मुळातच घट्ट राहतो. त्याला फुल चोकमधून आणखी आवळलं, तर पंचवीस यार्डांवर तो इतका लहान होतो की बदक एक तर पूर्ण सुटतं, नाही तर त्याची चाळण होते. शिवाय बऱ्याच फुल चोकमधून स्टील मारायचंच नसतं. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीत तर नळी फुगू शकते. अशी जुनी बंदूक कुणी भेट दिली असेल तर आधी आम्हाला दाखवा. तिच्यासाठी बिस्मथ या मऊ, बिनविषारी धातूची काडतुसं मिळतात.

स्टील हलकं असल्यामुळे छर्रा शिशापेक्षा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा: आजोबा चार नंबर मारत असतील तर तुम्ही दोन नंबर घ्या. हंसांसाठी त्याहून मोठा, बीबी. चोक इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड, हे दोन्ही फुलपेक्षा कमी आवळतात. यातला नेमका कोणता, ते कोणताही विक्रेता काउंटरवरून सांगू शकत नाही, आम्हीही नाही. एकाच कंपनीच्या दोन बंदुकासुद्धा एकाच काडतुसाला वेगवेगळा पसारा देतात.

म्हणून कागद. चार फूट लांब, चार फूट रुंद कागद लावा, मधे ठळक खूण करा, आणि चाळीस यार्डांवरून एकच बार काढा. छर्रे जिथे सगळ्यात दाट पडले असतील तिथे 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. दोन नंबरच्या सव्वा औंसात साधारण 156 छर्रे असतात. त्यातले 85 किंवा जास्त वर्तुळात आले तर मोठ्या बदकासाठी आम्ही ते समाधानकारक मानतो. मग नवा कागद, पुन्हा एक बार. निदान तीन कागद तरी करा, कारण एका कागदावरून काही कळत नाही. वर्तुळाचं केंद्र दर वेळी खुणेच्या एकाच बाजूला सरकत असेल, तर दोष चोकचा नसून दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा, आहे.

दस्त्याबद्दल आपल्या लोकांना आवर्जून सांगायचं आहे. कारखान्याचा दस्ता साधारण सव्वाचौदा इंचांचा असतो, म्हणजे उंच माणसाच्या मापाचा. साडेपाच फुटांच्या माणसाने थंडीचं जाड जॅकेट घालून ती बंदूक उचलली की दस्ता काखेत अडकतो, आणि तोवर टील निघून गेलेले असतात. दुकानात येताना शिकारीचं जॅकेट घेऊनच या. आमच्याकडून घेतलेल्या बंदुकीचा दस्ता आम्ही पैसे न घेता मापाचा करून देतो. गरज वाटली तर आखूड दस्त्याचं मॉडेल सुचवतो.

बंदूक बदलून मागणाऱ्यांकडे आम्ही आधी ते तीन कागद मागतो, हे काहींना अडवणूक वाटते. पण कागद पाहिल्यावर बहुतेक वेळा एका साध्या चोकने काम भागतं आणि बंदूक बदलण्याचा खर्च वाचतो. कागद कसे करायचे माहीत नसेल तर शनिवारी सकाळी आमच्यासोबत रेंजवर चला. वेगवेगळे चोक आम्ही वापरून पाहायला देतो, जो जमेल तोच विकत घ्या.

अंतराचंही सांगतो. स्नो गूज हा हंस मोठा, पांढराशुभ्र, म्हणून साठ यार्डांवर असला तरी डोक्यावर आल्यासारखा वाटतो. कागदावर चाळीस यार्डांपर्यंतच पसारा टिकत असेल तर चाळीसच्या पुढे चाप ओढू नका. जखमी होऊन दूर जाऊन पडणारा पक्षी सापडत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. एच-वन-बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर एरवी बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तरच सूट आहे. तेव्हा आधी परवाना, मग दुकान. टेक्सासचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो, आणि सूटही परवाना चालू असेपर्यंतच. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. पाणपक्ष्यांसाठी 25 डॉलरचा फेडरल डक स्टँपही घ्या. 1934 पासून त्याच पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतील असा प्लग, म्हणजे जास्तीची जागा अडवणारा तुकडा, असलाच पाहिजे, वॉर्डन (शिकार खात्याचा अधिकारी) तो तपासतो.

आणि भारतात जाण्याआधी शिकारीच्या जॅकेटचे आणि बॅगेचे सगळे खिसे उलटे करून पाहा. विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. इथे दिसणारं पिनटेल, म्हणजे आपलं तलवार बदक, जायकवाडीवरही येतं, पण भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तिकडे दुर्बीण न्या.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात फार गर्दी होते आणि दस्त्याच्या कामाला वेळ लागतो. जुलैत आलात तर मापं, चोक आणि कागद, तिन्ही निवांतपणे होतील.