लेझरची रेघ दिसली म्हणजे ‘नॅनो’ होत नाही

बाटलीतल्या पाण्यात लेझर पॉइंटर मारायचा, आत रेघ चमकली की "बघा, अस्सल नॅनो सिल्व्हर!", असले व्हिडिओ फिरत असतात. रेघ दिसते हे खरंय, पण पाण्यात दुधाचा एक थेंब टाकला तरी ती दिसते. हा टिंडल परिणाम, आणि त्यातून फक्त एवढंच कळतं की पाण्यात बारीक काहीतरी तरंगतंय. ती चांदीच आहे का, कण केवढे आहेत, पिऊन फायदा काय, यातलं काहीच कळत नाही. (चांदी पीत राहिलं तर कातडी कायमची निळसर-राखाडी पडू शकते, आर्जिरिया म्हणतात त्याला, ते व्हिडिओवाले सांगत नाहीत.)

पण गंमत अशी की त्याच विखुरलेल्या प्रकाशातून कणाची साईझ खरंच काढता येते. साध्या मायक्रोस्कोपखाली साधारण 200 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) खालचे तपशील दिसतच नाहीत, कारण प्रकाशाची तरंगलांबीच 400 ते 700 नॅनोमीटर, मग 20 नॅनोमीटरचा कण मोजायचा कसा? तर त्याच्याकडे बघायचंच नाही, तो किती वेगाने वळवळतोय ते बघायचं. माळ्यावर उंदीर पळतोय की मांजर हे आपण न बघता आवाजावरून ओळखतो ना, तसंच.

पाण्याचे रेणू कणाला सतत चारी बाजूंनी ढकलत असतात, ही ब्राऊनियन हालचाल. लहान कण भराभर भरकटतो, मोठा सावकाश. आता लेझर मारला की हजारो कणांवरून विखुरलेल्या लाटा डिटेक्टरवर एकत्र येतात, कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मारतात. कण लाटेच्या लांबीच्या थोड्याशा हिश्श्याएवढा जरी सरकला तरी ही बेरीज बदलते, म्हणजे प्रकाश सारखा लुकलुकतो. मशीन काय करतं, तर आत्ताचा सिग्नल आणि थोड्या वेळानंतरचा सिग्नल यांचं किती जुळतंय ते तपासत राहतं, आणि ते जुळणं किती वेळात विरतं ते मोजतं. लाल लेझर, 90 अंशांचा कोन, 25 अंश सेल्सिअसचं पाणी असेल तर 100 नॅनोमीटरच्या कणासाठी हा वेळ साधारण अर्धी मिलिसेकंद येतो, 10 नॅनोमीटरच्या कणासाठी त्याच्या दहावा हिस्सा. यावरून भरकटण्याचा वेग मिळतो, मग आइन्स्टाइनच्या 1905 च्या सूत्रात पाण्याचं तापमान आणि दाटपणा (व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला होणारा विरोध) घातला की त्रिज्या हातात. तापमान मात्र नीट सांभाळावं लागतं, कारण एका अंशाने पाण्याचा दाटपणा जवळपास दोन टक्के बदलतो.

यात एक मोठी भानगड आहे. लहान कणांच्या बाबतीत विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतो (हे लॉर्ड रेले या शास्त्रज्ञाचं गणित), म्हणजे 100 नॅनोमीटरचा एकच कण 10 नॅनोमीटरच्या जवळपास 10 लाख कणांएवढा चमकतो. सँपलमध्ये धुळीचे चार कण शिरले की बिचारे छोटे कण त्यांच्या उजेडात हरवतात, म्हणून सगळं आधी गाळून घ्यायचं. कण तरंगलांबीएवढा किंवा मोठा झाला की रेलेचं गणितही पुरत नाही, तिथे गुस्ताव मी (Mie) या शास्त्रज्ञाचं 1908 चं गणित लागतं, आणि तेही गोल कणांसाठीच.

आणि कण गोल नसेल तर? लुकलुकण्यावरून मशीन तरीही एक व्यास छापून मोकळं होतं, जणू काडीसारख्या कणाच्या जागी तेवढ्याच वेगाने भरकटणारा गोळा आहे. शेप हवा असेल तर वेगवेगळ्या कोनांत किती प्रकाश जातो तेही मोजायचं, त्यातून कणाचं वस्तुमान मध्यापासून किती पसरलंय ते कळतं, म्हणजे एक दुसरी त्रिज्या मिळते. या दुसऱ्या त्रिज्येला लुकलुकण्यावरून काढलेल्या पहिल्या त्रिज्येने भागायचं: भरीव गोळ्यासाठी उत्तर 0.775 येतं, पोकळ पातळ कवचासाठी 1, लांब काडीसाठी त्याहून बरंच जास्त. दुसरी युक्ती ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशाची लाट कुठल्या दिशेत कंप पावते ते बघायची. गोल थेंबावरून प्रकाश सरळ मागे फिरला तर त्याची कंपनदिशा तीच राहते, वेड्यावाकड्या स्फटिकावरून बिघडते, म्हणून लायडारवाले (आकाशात लेझर मारून परत आलेला प्रकाश मोजणारे) जमिनीवर बसून सांगू शकतात की वरच्या ढगात पाणी आहे की बर्फ.